'एकशिंगी' कोण : गेंडा की युनिकॉर्न?

प्रश्न असा आहे : युनिकॉर्न या कल्पित प्राण्याला मराठीत 'एकशिंगी घोडा' म्हणावे की 'एकशृंग', आणि 'एकशिंगी' हे विशेषण गेंड्याला आधीच लागलेले असल्यामुळे घोटाळा होणार नाही का?

घोटाळा होतो, पण तो मराठीने केलेला नाही. या प्राण्याच्या जन्मापासूनच तो त्याला चिकटलेला आहे. इसवी सनापूर्वी 400च्या सुमारास, इराणच्या दरबारी वैद्य म्हणून राहिलेल्या क्टीसियस या ग्रीकाने भारताविषयी ऐकीव माहितीवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यात पांढऱ्या अंगाच्या, तांबड्या डोक्याच्या, कपाळावर एकच शिंग असलेल्या रानगाढवांचे वर्णन केले. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असेही तो सांगतो. अंग रानगाढवाचे आणि शिंग बहुधा गेंड्याचे, अशी ही सरमिसळ दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने सुमात्रात चिखलात लोळणारे, हत्तीच्या पायांचे 'युनिकॉर्न' पाहिले आणि युरोपात समजतात तसा हा प्राणी मुळीच नाही, अशी नोंद केली. ते अर्थातच गेंडे होते.

आता शब्दाकडे वळू. लॅटिनमधील 'उनिकोर्निस' म्हणजे शब्दशः एकशिंगी. त्यातील 'कोर्नू' आणि संस्कृतातील 'शृङ्ग' हे एकाच मूळ धातूपासून निघालेले मानले जातात, तेव्हा 'एकशृंग' हे भाषांतर कमी आणि भावंड अधिक आहे. मात्र संस्कृतात हा शब्द रिकामा नाही : महाभारतात तो वराहरूपी विष्णूला लावलेला आढळतो. गेंड्याला संस्कृतात 'खड्ग' म्हणतात, म्हणजे तलवारीलाही जो शब्द तोच त्यालाही. पालीतील 'खग्गविसाण' या बौद्ध सुत्तात (सूत्रात) गेंड्याच्या एकट्या शिंगाची उपमा एकट्याने विहरणाऱ्या साधकाला दिलेली आहे.

युरोपात युनिकॉर्नचे म्हणून जे लांब, पिळदार शिंग विकले जाई, त्याची कथा आणखी मजेची आहे. ते शिंगच नव्हे, तर उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील नारव्हाल या देवमाशाचा जवळजवळ तीन मीटरपर्यंत वाढणारा सुळा होता, आणि डॅनिश विद्वान ओले वुर्म यांनी 1638 मध्ये तसे दाखवूनही दिले. तरीही सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये नारव्हालचे नाव 'मोनोडॉन मोनोसेरॉस', म्हणजे 'एकदंत एकशृंग', असे ठेवले, आणि भारतीय गेंड्याला 'ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस'. (आपल्याकडे 'एकदंत' म्हटले की वेगळीच मूर्ती डोळ्यांपुढे येते, हे सोडून देऊ.) उलट, सुमारे 39,000 वर्षांपूर्वीपर्यंत जगलेल्या एलास्मोथेरियम या प्रचंड गेंड्याला लोक 'सैबेरियाचा युनिकॉर्न' म्हणतात, त्याचे शिंग प्रत्यक्ष सापडलेले नसून कवटीवरील उंचवट्यावरून ते मानलेले आहे.

म्हणून माझे मत असे की, 'एकशिंगी' हे विशेषणच राहू द्यावे आणि त्याच्यापुढे गेंडा, पशू असे नाम नेहमी लिहावे. नुसते 'एकशिंगी' लिहिले की वाचकाला गेंडाच आठवेल. 'एकशिंगी घोडा' मुलांच्या गोष्टीत शोभतो, परंतु जुन्या युरोपीय चित्रांतील युनिकॉर्नला बोकडाची दाढी आणि दुभंगलेले खूर असतात, त्यामुळे तेथे 'घोडा' म्हणणे चुकीचे ठरते. अशा ठिकाणी पुल्लिंगी नाम म्हणून 'एकशृंग' वापरावे : 'एकशृंग आला', 'एकशृंगाचे शिंग'. दुसऱ्या रूपात 'शिंग' दोनदा आल्यासारखे वाटते, पण 'पिवळे पीतांबर' खपवून घेणाऱ्या भाषेला ते जड जाऊ नये.