16-15 ला नशीब म्हणण्याआधी दुसऱ्या हाफमधले स्क्रम बघा

तुम्ही विचारलंय की शनिवारी, 21 ऑक्टोबर 2023 ला, दुपारी वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेनं क्रिकेटमधे इंग्लंडला 229 रननी धुतलं आणि त्याच रात्री पॅरिसला रग्बी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमधे तेच दोन देश समोरासमोर आले तर आफ्रिका 16-15 अशी जेमतेम एका पॉइंटनं सुटली, मग ही टीम खरंच वर्ल्ड चॅम्पियनसारखी खेळली की नशिबानं तरली. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं डर्बनला होतो, रग्बी बघायला तिथेच शिकलो, तेव्हापासून स्प्रिंगबॉक्सची, म्हणजे आफ्रिकेच्या रग्बी टीमची, एकही मोठी मॅच सोडलेली नाही. ही पण रात्री साडेबारापासून पूर्ण पाहिली आणि काल परत एकदा शांतपणे पाहिली. माझं मत असं आहे की पहिली पन्नास मिनिटं आफ्रिका वाईट खेळली आणि त्यात खेळाडूंपेक्षा टीम निवडणाऱ्यांचा दोष जास्त. पण त्यानंतर जे झालं त्याला नशीब म्हटलेलं मला अजिबात पटत नाही.

आधी इंग्लंडचं श्रेय त्यांना देऊ. ऑगस्टमधे ट्विकनहॅमवर फिजीकडून हरले तेव्हा त्यांना सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, पण सेमीफायनलच्या चार टीममधे ह्या वर्ल्ड कपात तोपर्यंत एकही मॅच न हरलेली टीम हीच होती. आणि त्यांचा प्लॅन एकदम साधा होता, पाऊस पडतोय, बॉल ओला आहे, तर बॉल हातात ठेवायचाच नाही, उंच किक मारायची आणि पाठोपाठ धावत जाऊन समोरच्याला तो नीट पकडू द्यायचा नाही. त्यासाठी फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागच्या जागेवर, त्यांनी फ्रेडी स्ट्यूअर्डला परत आणलं, सव्वासहा फुटाच्या वर उंची, हवेतला बॉल हा त्याचा हातखंडा. इकडे आफ्रिकेकडे मागे कोल्बे आणि अरेन्डसे, दोघं पळायला विजेसारखे पण उंचीनं लहान, विलेम्सेचीही ती रात्र नव्हती. त्यात लाइनआउटमधे (बॉल बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधे थ्रो करून खेळ सुरू करतात तो) गोंधळ, म्हणजे स्वतःचाच थ्रो आणि बॉल समोरच्याकडे, इंग्लंडच्या इटोजे आणि जॉर्ज मार्टिननं तिथे फार त्रास दिला. हाफटाइमला इंग्लंड 12-6 नं पुढे, चारही पेनल्टी त्यांचा कॅप्टन फॅरलच्या. फॅरलनं एक चूकही केली, रेफ्रीशी हुज्जत घातली म्हणून पेनल्टी दहा मीटर पुढे गेली आणि लिबॉकला आफ्रिकेचे पहिले तीन पॉइंट मिळाले, आणि शेवटी फरक एका पॉइंटचा आहे हे लक्षात घेतलं तर ती हुज्जत किती महाग पडली बघा.

माझी खरी तक्रार इथे आहे. आधीच्या रविवारी फ्रान्सला 29-28 हरवलेली टीमच्या टीम जशीच्या तशी उतरवली. फ्रान्सची मॅच मोकळी, पळापळीची होती, तिथे लिबॉकसारखा पास खेळवणारा फ्लायहाफ शोभून दिसला. इंग्लंड काय करणार हे सगळ्या जगाला माहीत होतं, तरी पावसात तीच माणसं. आणि फ्रान्सच्या मॅचचा थकवा होता ही सबब चालणार नाही, कारण इंग्लंडही त्याच रविवारी फिजीशी झुंजून आलं होतं.

पण चूक झाली हे कळल्यावर आफ्रिकेचे कोच निनाबर आणि इरॅस्मसनं जे केलं त्याला हिंमत लागते. एकतिसाव्या मिनिटाला, म्हणजे हाफटाइमची पण वाट न बघता, लिबॉकला बाहेर काढून पोलार्डला आणलं. फ्लायहाफ म्हणजे टीमचा मेंदू, जखमी नसताना त्याला पहिल्या हाफमधेच उठवणं हे सहसा कोणी करत नाही, पोराचा जाहीर अपमान होतो. मला लिबॉकचं वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता. हाफटाइमनंतर लगेच एटझेबेथच्या जागी स्नायमन, मागे ल रू, कॅप्टन कोलिसीलाही लवकर बसवलं. कुणाचं नाव किती मोठं ह्याचा विचारच नाही. तरी 53 व्या मिनिटाला फॅरलनं लांबून ड्रॉपगोल (चालू खेळात बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक, तीन पॉइंट) मारला आणि 15-6 झालं. नऊ पॉइंट म्हणजे एका ट्रायचं (बॉल समोरच्याच्या लाइनीपलीकडे टेकवणं, पाच पॉइंट आणि नंतरच्या किकचे दोन) काम नाही, दोनदा स्कोर करायलाच लागणार, आणि तोपर्यंत आफ्रिकेनं एकदाही ट्रायचा वास येईल असं काही केलेलं नव्हतं.

आता स्क्रम. क्रिकेट बघणाऱ्यांना स्क्रम म्हणजे मधला टाइमपास वाटतो, मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं, मग ऑफिसमधल्या एका डर्बनकर सहकाऱ्यानं मला बॉलकडे न बघता पहिल्या रांगेतल्या तिघांच्या पायांकडे बघायला शिकवलं. दोन्हीकडून आठ-आठ माणसं, एकेका बाजूचं वजन साधारण नऊशे किलो, रस्सीखेचीच्या उलट म्हणजे ओढायचं नाही तर रेटायचं. ह्यात जो रेट्यापुढे मोडतो, खाली कोसळतो, तिरका होतो त्याच्याविरुद्ध पेनल्टी. आणि पेनल्टी म्हणजे एकतर थेट तीन पॉइंट नाहीतर बॉल कोपऱ्यात मारून ट्रायची संधी.

पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या माणसांना प्रॉप म्हणतात, तिथे इंग्लंडनं सुरुवात मार्लर आणि डॅन कोल ह्या जुन्या खोडांनी केली होती. हा तोच कोल, 2019 च्या वर्ल्ड कप फायनलमधे ज्याला आफ्रिकेच्या म्टावारिरानं अक्षरशः उचलून फेकलं होतं. चार वर्षांनी परत समोर उभा राहिला आणि ह्यावेळी खिंड लढवली, जोवर तो मैदानात होता तोवर इंग्लंडचा स्क्रम ठीक उभा होता. मग पन्नाशीच्या पुढे दोन्हीकडचे प्रॉप बदलले, इंग्लंडचे गेंज आणि सिंक्लर आले, आफ्रिकेचे ऑक्स न्चे आणि कॉख, आणि मॅच तिथे फिरली. न्चे दिसायला बुटका आणि रुंद, पण तो खाली इतका वाकून आत शिरतो की समोरच्याला छाती टेकायला जागाच उरत नाही. एकामागून एक पेनल्टी मिळायला लागल्या. त्यातल्याच एकीवरून पोलार्डनं बॉल कोपऱ्यात मारला, लाइनआउट, मॉल (बॉल असलेल्याला सगळ्यांनी मिळून रेटत पुढे नेणं) आणि 69 व्या मिनिटाला स्नायमन लाइनीपलीकडे, पोलार्डचं कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची किक, 15-13. मग 77 व्या मिनिटाच्या आसपास परत इंग्लंडच्या हातून बॉल सुटला, स्क्रम आफ्रिकेचा, परत पेनल्टी, आणि जवळजवळ पन्नास मीटरवरून, पावसात, पोलार्डनं ती सरळ खांबांमधून घातली.

तुम्ही ह्याला नशीब म्हणताय, पण हे एकमेकांत कसं गुंतलंय ते बघा. ज्या पावसानं पहिल्या हाफमधे इंग्लंडच्या उंच किकांना साथ दिली त्याच पावसानं बॉल हातातून निसटत होते, बॉल पुढे निसटला की स्क्रम, आणि जितके स्क्रम जास्त तितका आफ्रिकेचा फायदा, कारण बेंचवर ताजे प्रॉप त्यांनी ह्याच अर्ध्या तासासाठी राखून ठेवलेले असतात. म्हणजे इंग्लंडचा प्लॅनच शेवटी त्यांना तिथे घेऊन गेला जिथे ते कमजोर होते. फ्रान्सच्या वेळीही लोक नशीबच म्हणाले, पण कोल्बेनं धावत येऊन फ्रान्सच्या रामोसचं कन्व्हर्जन अडवलं ते दोन पॉइंट वाचले नसते तर आफ्रिका घरी गेली असती, आणि नव्वद टक्के विंगर अशा किकवर धावायचे कष्टच घेत नाहीत.

आणि पोलार्ड तर सुरुवातीला स्क्वॉडमधेच नव्हता. पोटरीच्या दुखापतीतून उशिरा सावरला, मग मार्क्स ह्या हुकरचा, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या मधल्या माणसाचा, गुडघा गेला तेव्हा त्याच्या जागी हुकर न घेता पोलार्डला बोलावलं. तेव्हा बरीच टीका झाली. पण ह्याच वर्ल्ड कपात आधी आयर्लंडकडून 13-8 हरले त्यात सोडलेल्या किकाच नडल्या होत्या, त्यामुळे मला ती निवड तेव्हाही पटली होती, आणि 2019 च्या फायनलला ह्याच माणसानं 22 पॉइंट मारलेले आपण पाहिलेत.

मात्र ह्याच निवडीची किंमत फायनलला मोजावी लागू शकते ही मला काळजी आहे. आता टीममधे पूर्णवेळ हुकर एकटा म्बोनाम्बी. त्याला काही झालं तर डिऑन फूरी, जो आता फ्लँकर म्हणून, म्हणजे स्क्रमच्या कडेला, खेळतो. लाइनआउटला थ्रो हुकरच टाकतो, आणि समोर न्यूझीलंडकडे व्हाइटलॉक, रेटॅलिक, स्कॉट बॅरेट असणार, शनिवारी जी गडबड चालून गेली ती तिथे चालणार नाही. शिवाय त्यांनी अर्जेंटिनाला शुक्रवारीच 44-6 हरवलंय, म्हणजे एक दिवस जास्त विश्रांती आणि अंगात दम शिल्लक.

दहापैकी मार्क द्यायचे तर मी पहिल्या पन्नास मिनिटांना तीन देईन, उरलेल्या तिसांना नऊ. फायनलला पहिल्यापासून पोलार्ड आणि स्क्रमहाफ (स्क्रममधून बॉल काढून फ्लायहाफला देणारा) डी क्लर्कची जोडी हवी, परत अर्ध्या तासानं चूक सुधारायची वेळ येऊ नये, कारण न्यूझीलंड तोवर नुसत्या पेनल्टीवर थांबणार नाही, दोन ट्राय करून मोकळं होईल. टीम जाहीर झाली की 10 नंबरला, म्हणजे फ्लायहाफला, कोण ते आधी बघा. फायनल आपल्याकडे 28 ऑक्टोबर 2023 च्या रात्री साडेबाराला आहे, त्या दिवशी कोजागिरी, जागरण करायचंच आहे, तर पन्नासाव्या मिनिटानंतर बॉल सोडून न्चेच्या पायांकडे बघा आणि मग मला सांगा.