वाचक विचारतात : गळ्याची पट्टी बदलताना

प्रश्न : काळी एकमध्ये गायलेला माझा आवाज पांढरी चारवर न्यायचा आहे. प्युअर डेटा या ध्वनीच्या प्रोग्रॅममध्ये आवाज थोडा वेळ साठवणारी एक डिले लाईन, ती वाचणारी दोन हेडं आणि त्यांना सरकवणारा फेझर (० ते १ पुन्हा पुन्हा फिरणारा सिग्नल) अशी जोडणी केली. विंडो, म्हणजे हेडचा डिले जेवढ्या पल्ल्यात सरकतो ती रुंदी, ५० मिलिसेकंद. सूर बरोबर चढतो, पण लांबवलेला ‘आ’ थरथरतो आणि आवाज लहान पोरासारखा पातळ होतो. विंडो किती ठेवावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोष दोन आहेत. विंडोने त्यातला एकच सुटेल.

आधी थरथर. काळी एक ते पांढरी चार म्हणजे चार सेमीटोन, गुणोत्तर १.२६. तेवढं चढायचं तर डिले दर सेकंदाला ०.२६ सेकंदाने आटत राहिला पाहिजे. ५० मिलिसेकंदांच्या विंडोत फेझरची गती येते उणे ५.२ हर्ट्झ. हेडं दोन, म्हणून सेकंदाला दहाएक वेळा एक मावळतं आणि दुसरं उगवतं. या अदलाबदलीच्या मधोमध दोन्ही हेडं एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यांच्यात अंतर असतं अर्ध्या विंडोचं, म्हणजे २५ मिलिसेकंदांचं. तुमचा सा १३८.६ हर्ट्झचा, त्याच्या लहरीचं एक आवर्तन ७.२ मिलिसेकंदांचं. २५ मिलिसेकंदांत साडेतीनच्या जवळपास आवर्तनं बसतात. म्हणजे एका हेडवर लहरीचा माथा असताना दुसऱ्यावर खळगा! मूळ स्वर एकमेकांना खाऊन टाकतो. ५० हा आकडा तुमच्या सासाठी नेमका वाईट निघाला.

विंडो ५७.७ मिलिसेकंद करा. अर्ध्या विंडोत बरोबर चार आवर्तनं बसतील आणि फेझर उणे ४.५ हर्ट्झवर येईल. मात्र आता दोन्ही लहरी जुळल्यामुळे हेडचा आवाज चढवणारी-उतरवणारी कॉसची साधी वक्ररेषा मधोमध ३ डेसिबलने फुगेल. तिचा वर्ग करून वापरा, बेरीज एकच राहील.

हे फक्त ‘सा’पुरतं झालं. रे, ग, म यांना वेगळी विंडो लागणार. स्वर ओळखणाऱ्या ‘सिगमंड’ ऑब्जेक्टकडून चालू स्वराची वारंवारता घ्या आणि विंडो तिच्या आवर्तनाच्या आठपट ठेवा. नवा आकडा मात्र प्रत्येक हेडला त्याचा आवाज शून्यावर असतानाच द्या, त्यासाठी आकडा धरून ठेवणारा ‘सॅम्पहोल्ड’ आहे. मध्येच दिलात तर टक् असा आवाज येतो.

आता पातळपणा. हेड वेगाने वाचतं, त्यामुळे स्वराबरोबर फॉर्मंटही, म्हणजे तोंडाच्या पोकळीने उचललेले पट्टेही, १.२६ पट सरकतात. पुरुषाच्या ‘आ’चा पहिला फॉर्मंट ७०० हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा ११००च्या आसपास असेल, तर ते ८८० आणि १३९०वर जातात. एवढे फॉर्मंट मोठ्या पुरुषाच्या घशाचे वाटत नाहीत. विंडो कितीही बदला, हे जाणार नाही.

उपाय असा की आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे कण, कापायचे, प्रत्येक कण मूळ गतीनेच वाजवायचा आणि फक्त दोन कणांमधलं अंतर बदलायचं. ४८,००० सॅम्पल दराला तुमच्या ‘सा’चं एक आवर्तन ३४६ सॅम्पलचं. प्रत्येक आवर्तनाच्या ठळक माथ्यावर खूण करा. खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक आवर्तन घेऊन ६९२ सॅम्पलचा कण कापा आणि त्यावर हॅन विंडो (दोन्ही कडांना शून्यावर उतरणारी वक्ररेषा) लावा. मग हे कण ३४६ऐवजी २७५ सॅम्पलच्या अंतराने मांडा. सेकंदाला १३९ कण होते, आता १७५ लागतील, म्हणून साधारण दर चौथा कण दोनदा वाजवायचा. कण दाटल्यामुळे आवाज २ डेसिबलने वाढतो, शेवटी ०.७९ने गुणा. खाली उतरताना उलट, काही कण गाळायचे. पण एका सप्तकाखाली कणांमध्ये फटी पडू लागतात आणि आवाज खरखरतो.

हे सगळं हाताने बांधायची हौस नसेल तर ‘प्राट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मोनो फाईल मॅनिप्युलेशनमध्ये उघडा, सर्वांत कमी वारंवारता ९५ आणि सर्वांत जास्त ४५० द्या. तुमचा मंद्र पंचम १०४चा आणि तार पंचम ४१६चा, दोन्ही यात बसतात. वाजवीपेक्षा रुंद मर्यादा दिली की यंत्र सप्तक चुकतं. वारंवारता १.२६ने गुणा आणि ओव्हरलॅप-ॲड, म्हणजे वरच्यासारखीच कण एकमेकांवर मांडायच्या, पद्धतीने पुन्हा आवाज तयार करा. त्याआधी खिडकीच्या वरच्या भागातल्या उभ्या रेघा, म्हणजे यंत्राने केलेल्या खुणा, मोठ्या करून बघा. सलग रेघा माथ्यावर असताना एखादी खळग्यात गेली असेल, तर नेमकं तिथेच खरखर ऐकू येते.

प्रश्न : कणांच्या पद्धतीने पट्टी बदलली. स्वर छान आले, पण ‘स’ आणि ‘श’ मधमाशीसारखे गुणगुणतात आणि ‘क’ दोनदा उमटतो. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘स’ला आवर्तनच नसतं, तो नुसता घर्षणाचा आवाज. त्याचा तोच कण लागोपाठ दोनदा वाजला की कानाला त्यात खोटा स्वर लागतो. म्हणून अघोष, म्हणजे आवर्तन नसलेल्या, भागाची पट्टी बदलूच नका, तो मूळचा तसाच राहू द्या. तुम्ही फक्त स्वर बदलताय, लय नाही, तेव्हा मूळ तुकडा जागच्या जागी बसतो. लयही ताणायची असेल तर पुन्हा वाजणारा प्रत्येक दुसरा कण उलटा वाजवा, गुणगुण बरीच बसते. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांचा स्फोट काही मिलिसेकंदांचा असतो, तो ज्या कणात आहे तो पुन्हा वाजवायचा नाही, एवढं एकच बंधन घाला. ‘ख’, ‘फ’, ‘थ’ यांच्यात स्फोटामागे श्वास येतो. तोही अघोषातच धरा, नाहीतर ‘खेळ’चा ‘केळ’ व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये मागे तानपुरा आहे. चालेल? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. खुणा गळ्याच्या आवर्तनावर पडायला हव्यात, तानपुरा असला की त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी पडतात. शिवाय तानपुराही वर सरकेल तो वेगळाच. गाताना तानपुरा हेडफोनमध्ये घ्या आणि नव्या पट्टीचा तानपुरा नंतर मिसळा.

प्रश्न : सुपरकोलायडर या ध्वनीच्या प्रोग्रॅममधल्या, पट्टी बदलणाऱ्या ‘पिचशिफ्ट’वर गळा घातला तर पत्र्याच्या डब्यातून गायल्यासारखा येतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यात चार कण एकमेकांवर सारख्या अंतराने पडतात, म्हणून कंगव्यासारखे दात पडतात. विंडो ०.२ सेकंद तशीच ठेवा आणि वेळेचा विखुरपणा शून्यावरून ०.०१पर्यंत न्या. डबा जाईल, पण ०.०५च्या पुढे गेलात तर मुरकी आणि द्रुत तान पुसट होते. फॉर्मंट इथेही सरकतातच, तेव्हा एक-दोन सेमीटोनपुरताच हा रस्ता धरा.