माझं मत कांचनभटाला

मराठी नाटकांतलं सर्वांत बेइमान पात्र कोणतं, आणि ते खलनायकच असावं लागतं का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: मुळीच नाही. आणि पहिल्याचं उत्तर, ‘संगीत शारदा’तला कांचनभट.

इथे बहुतेक जण लखोबा लोखंडेचं नाव घेणार हे मला दिसतंय. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला (१९६२) हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी वेगवेगळी नावं घेऊन बायकांना फसवतो आणि कोर्टात उभा राहून सगळं बिनदिक्कत नाकारतो. पण लखोबा भामटा आहे आणि प्रेक्षकाला ते पहिल्यापासून ठाऊक असतं. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर चुटकीसरशी सोंगं बदलायचे ती गंमत बघायला लोक पुन्हापुन्हा जायचे. भामट्याने फसवलं याचं नवल ते काय! मला बेइमान तो वाटतो ज्याच्यावर कुणीतरी हक्काने विसंबलेलं असतं. बाप, धनी, पालक, मित्र. आणि विकून खाल्ल्यावरही ज्याची पंगतीतली जागा हलत नाही.

आता कांचनभट. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलं. भुजंगनाथ नावाच्या पैसेवाल्या म्हाताऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे चेष्टेचं पद त्याच्यावरच आहे. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ, आणि कांचनभट पैशासाठी पोटची पोर शारदा द्यायला तयार झालेला बाप. या तिघांत भद्रेश्वर सगळ्यात लबाड, यात वादच नाही. बोलायला चुरचुरीत, नटांना आवडणारा. पण तो दलाल आहे आणि दलालासारखाच वागतो. म्हातारा तर हावरटच, आणि ती हाव त्याला लपवताही येत नाही. कांचनभटाचं तसं नाही. त्याचं ठरवणं, बोलणं, देणंघेणं सगळं रीतीला धरून. मुलीचं लग्न जमवणं हे बापाचं कर्तव्य, श्रीमंत स्थळ पाहणं हे शहाणपण, आणि मोबदला घेणं त्या काळी अगदीच न ऐकलेलं होतं असंही नाही. त्याला कुणी चोर म्हणू शकत नाही, कारण तो गावासारखाच वागतोय.

आमच्या हौशी संघात मी प्रॉम्प्टिंग करायचो. तिथे एक जुने नट नेहमी सांगायचे की कांचनभट दुष्ट करायचा नाही, काटकसरी करायचा. मला हे फार पटतं. डोळे वटारणारा कांचनभट पाहिला की प्रेक्षक सुटतो, ‘आपण असे नाही’ म्हणून. हिशेबी कांचनभट पाहिला की सुटका नसते.

आणि देवलांनी पुढे जी खोच मारली आहे ती तर जबरदस्त. लग्न मोडतं ते कशावरून? वराचं वय पाऊणशे म्हणून नाही. ‘मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली’ असं मुलगी गाते, म्हणूनही नाही. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! एवढा वेळ गप्प बसलेल्या मंडपाला अधर्म दिसला तो तिथे. मला वाटतं, अख्ख्या नाटकातली सर्वांत कडू जागा हीच आहे, आणि ती विनोदी नाटकाच्या चालीत निघून जाते म्हणून तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. (जाता जाता: १९२९ चा बालविवाहाचा ‘सारडा कायदा’ या नाटकावरून आला असं लोक ठोकून देतात. ते नाव हरबिलास सारडांवरून पडलंय, या शारदेचा त्याच्याशी संबंध नाही.)

आता याच्या शेजारी दुसरा बाप उभा करून बघा. घाशीराम. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’, पुण्यात १९७२ साली आलं. हा कनोजी ब्राह्मण पुण्यात अपमान गिळतो, आणि सूड उगवण्यासाठी स्वतःची मुलगी गौरी पेशवाईचा कारभारी नाना फडणवीस याच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. करणी कांचनभटाचीच, किंबहुना अधिक भयंकर, कारण कांचनभट निदान लग्न तरी लावून देत होता. तरीही घाशीराम माझ्या लेखी एक पायरी वर आहे. आपण काय विकलं हे त्याला माहीत आहे. सौदा करताना त्याचा जीव तुटतो, तो ‘रीत’ म्हणून काही सांगत बसत नाही, आणि शेवटी जमाव दगड घेऊन उठतो तेव्हा स्वतःच म्हणतो की मारा मला. याने त्याचं पाप धुतलं जात नाही. गौरी मेलेलीच असते, त्याच्या कोठडीत गुदमरलेले कैदी मेलेलेच असतात. पण केलेल्याचं नाव तरी तो घेतो.

त्याच नाटकातला नाना मात्र कांचनभटाच्या गोत्रातला. (खऱ्या नाना फडणविसांबद्दल बोलत नाही, नाटकातल्या पात्राबद्दल बोलतोय. या गोंधळावरून पूर्वी पुष्कळ डोकी फुटली आहेत.) घाशीरामाला कोतवाल करताना तो मनाशी हिशेब मांडतो: आपण करायचं आणि नावं घाशीरामाच्या खात्यावर पडायची. आणि अखेर लोक खवळले की त्याच घाशीरामाच्या मरणाच्या हुकुमावर सही करतो आणि वर उत्सव जाहीर करतो. एकच कारण आहे मी नानाला पहिला नंबर देत नाही याचं. तेंडुलकरांनी त्याला एवढा रंगेल, एवढा गमत्या केलाय की आपण त्याला ‘मोठा माणूस’ म्हणून बाजूला काढू शकतो. सत्ताधारी असे असतातच, म्हणून मोकळे होतो. कांचनभटाला बाजूला काढता येत नाही. तो आपल्या घरातल्या कुठल्या तरी काकांसारखा बोलतो.

खोटं बोलणं आणि बेइमानी या दोन गोष्टी आपण फार पटकन एक करून टाकतो. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली (१९१९) सिंधू घ्या. दारूच्या नशेत सुधाकराच्या हातून तान्हं मूल मरतं, तीही जबर जखमी होते, आणि मरता मरता फौजदाराला सांगते की नवऱ्याचा दोष नाही. धडधडीत खोटं, तेही कायद्यापुढे. पण त्या खोट्यातून तिला स्वतःला काय मिळालं? काहीच नाही. म्हणून तिला बेइमान म्हणवत नाही. (पटतं असंही नाही. लहानपणी या प्रवेशाला रडलो होतो, आता राग येतो. त्या मेलेल्या पोराच्या बाजूने कोण बोलणार?)

तळीराम तर मुळीच नाही. सुधाकराला प्याला दाखवणारा हाच, पण हा माणूस कधी सज्जनपणाचं सोंग घेत नाही. दारू हाच त्याचा धर्म आणि तो तिच्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ. असली निष्ठा कुणाच्या कामाची, हा निराळा प्रश्न.

याच नाटकात ज्याच्याकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही तो रामलाल. सुधाकराचा मित्र, शिकलेला, सुधारक, सगळ्यांना चार गोष्टी समजावून सांगणारा. सुधाकराची बालविधवा बहीण शरद त्याला वडिलांच्या जागी मानते. भगीरथ नावाचा तरुण तिच्यात गुंततो, आणि रामलालच्या लक्षात येतं की आपलंही मन तिच्याकडे ओढलं जातंय. मग तोही थोडा वेळ कांचनभटासारखाच वागतो. भाषा मुलीच्या हिताची, आणि ओढ स्वतःची. हे प्रवेश संपादित प्रयोगांत बरेचदा उडवले जातात, कारण प्रेक्षकांना सिंधू-सुधाकर हवे असतात. वाईट वाटतं, कारण चांगल्या माणसाची नियत कशी घसरते हे गडकऱ्यांनी इथे जितकं बारकाईने दाखवलंय तितकं मुख्य कथेतही दाखवलेलं नाही. फरक एवढाच की रामलालला स्वतःची शरम वाटते, तो ती बोलून दाखवतो आणि बाजूला होतो. म्हणून माझ्या यादीत त्याचा नंबर बराच खाली. भगीरथाच्या जागी मी असतो तर मात्र त्याला इतक्या सहज सोडलं नसतं.