हा दगड कोणी लावला?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पणजोबांची कबर ज्या दफनभूमीत आहे तिथे येत्या रविवारी जाणार असल्याचं वाचून फार आनंद झाला. घरातल्या कागदांवरून पिढ्या जुळवणारे पुष्कळ असतात. जागेवर जाऊन उभे राहणारे थोडे.

जाण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. कबरीवरचा मजकूर त्या माणसाने लिहिलेला नसतो. मागे राहिलेल्या कोणीतरी तो लिहून घेतलेला असतो, कधी दुःखाच्या भरात, कधी कित्येक वर्षांनी पैसे जमल्यावर. त्यामुळे मृत्यूची तारीख बहुधा भरवशाची असते, कारण तो दिवस त्यांनी पाहिलेला असतो. जन्माची तारीख मात्र ऐकीव असू शकते. मी स्वतः यात फसले आहे. एका चुलत आजीचं जन्मसाल दगडावरून उतरवून घेतलं आणि त्याच्या आधारावर सगळी वंशावळ मांडली. पुढे बाप्तिस्म्याची नोंद हाती आली तेव्हा कळलं की ती चार वर्षांनी मोठी होती. दगड तिच्या पुतण्याने लावला होता आणि त्याला कोणी खरं वय कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दगडासमोर उभं राहिल्यावर आधी विचार, हा लावला कोणी? नवराबायकोची नावं एकाच वळणाच्या, सारख्याच झिजलेल्या अक्षरांत असतील तर दगड बहुतेक दोघांपैकी मागाहून गेलेल्याच्या मृत्यूनंतर उभा राहिला. अक्षरं वेगळी असतील तर दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या वेळी ती कोरली आहेत. खाली 'मुलांकडून' असं असेल तर त्या वेळी किती मुलं हयात होती याचा शोध घे. जुन्या इंग्रजी दगडांवर बाईच्या नावापुढे 'रेलिक्ट' हा शब्द दिसला तर ती विधवा होती, आणि 'कॉन्सॉर्ट' असेल तर बहुधा नवरा जिवंत असताना ती गेली. एका शब्दावरून दोन मृत्यूंचा क्रम कळतो.

घरातलं कोणी पहिल्या महायुद्धात गेलं असेल तर हा प्रश्न आणखी मोलाचा ठरतो. 1917 मध्ये स्थापन झालेला आणि आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखला जाणारा आयोग ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातल्या मृतांच्या कबरी सांभाळतो. सगळ्यांचे दगड एकाच नमुन्याचे, अधिकारी असो की साधा शिपाई. पण त्या दगडाच्या तळाशी कुटुंबाला स्वतःची एक ओळ देता यायची. मर्यादा 66 अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागाही त्यात धरलेल्या. त्या 66 अक्षरांत एखाद्या आईने काय लिहायचं ठरवलं, ते वाचताना मला अजूनही गलबलून येतं. वरचं नाव आणि पलटण लष्कराच्या कागदात मिळेल. तळाची ती ओळ घरच्या माणसांची आहे, ती जशीच्या तशी उतरवून घे.

तारखा वाचताना कॅलेंडरचं भान ठेव. इंग्लंडमध्ये 1752 च्या आधी नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे दगडावरचा फेब्रुवारी 1740 आपल्या हिशेबाने 1741 चा असू शकतो. हिजरी वर्ष आपल्या वर्षाहून साधारण 11 दिवसांनी लहान असतं, म्हणून त्या गणतीतलं 66 वर्षांचं वय म्हणजे जवळपास 64. दगडावर आहे तसंच लिहून घे, रूपांतर नंतर शेजारी वेगळ्या शाईने कर.

आपली कबर सापडली की लगेच परत फिरू नकोस. आजूबाजूच्या दोन-तीन रांगा वाच. एकाच कुटुंबाने जागा सलग घेतलेली असते आणि लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुली, बहिणी शेजारीच परक्या नावाने विसावलेल्या असतात. माझ्या पणजीची सख्खी बहीण मला अशीच सापडली, अगदी हाताच्या अंतरावर. त्याआधी दोन वेळा मी तिच्या कबरीवरून नजर फिरवून पुढे गेले होते.

आता दगडाच्या काळजीबद्दल, आणि इथे मी कडक बोलणार आहे. पुसट अक्षरं दिसावीत म्हणून खडू घासायचा नाही, दाढीचा फेस लावायचा नाही, तारेचा ब्रश आणि ब्लीच तर मुळीच नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पावसातलं आम्लच त्याला वर्षानुवर्षं खात असतं, त्यात आपली भर कशाला? त्याऐवजी आरसा ने. सूर्याचा उजेड आरशाने दगडावर बाजूने, तिरका पाड. जी अक्षरं समोरून दिसत नाहीत त्यांच्या कडांना सावली पडते आणि ती उठून येतात. संध्याकाळी मोबाइलच्या टॉर्चनेही हे जमतं. कललेल्या दगडाला टेकू नकोस. तो पडला तर तुलाही इजा होईल आणि त्यालाही.

दगडच नसला तर खचून जाऊ नकोस. पुष्कळांना दगड परवडलाच नाही, विशेषतः तान्ह्या मुलांच्या कबरी बिननावाच्या राहिल्या. जर्मनीसारख्या देशात तर जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते आणि मुदत वाढवली नाही तर ती दुसऱ्याला देतात. अशा वेळी दफनभूमीच्या कार्यालयात दफननोंदीचं रजिस्टर आणि जागेचा नकाशा मागून बघ. जागा कोणाच्या नावावर घेतली होती, त्याच जागेत आणखी कोणाला पुरलं, हे तिथे सापडू शकतं. दगडावर एकच नाव आणि रजिस्टरमध्ये चार, असं होतं. मात्र आधी विचारून जा. जुनी रजिस्टरं कधी कधी दुसरीकडेच ठेवलेली असतात.

फोटो काढताना पूर्ण दगड, मजकूर जवळून आणि शेजारच्या कबरींसह एक लांबचा, असे तिन्ही काढ. मागची बाजूही बघ, बरेच जण तिकडे जातच नाहीत. पणजोबांच्या दगडामागे काही कोरलेलं असेल तर मला लगेच कळव, मी वाट बघते.

तुझी,
मावशी