आधी ‘ब्लॅक हॅमर’ घे

सुपरहिरोंची कॉमिक्स कुठून वाचायला लागू असं विचारलंस, तर ‘वॉचमेन’ या गाजलेल्या कॉमिकपासून सुरुवात कर असं सगळे सांगतील. मी म्हणेन, थांब जरा. त्यातले अर्धे टोमणे जुन्या कॉमिक्सना आहेत. ती वाचलेली नसतील तर डोक्यावरून जातात.

जेफ लेमायर आणि डीन ऑर्म्स्टन यांचं ‘ब्लॅक हॅमर’ (2016) घे. शहर वाचवलेले नायक दहा वर्षं एका शेतावर अडकलेत, बाहेर पडता येत नाही. मारामारी अगदी थोडी. जेवणाच्या टेबलावरची भांडणंच जास्त, आणि खरी गंमत तिथेच आहे. त्या नायकांपैकी अब्राहमला तिथलं आयुष्य आवडायला लागलंय. त्यांच्यातल्याच गेलचं मात्र बघवत नाही: पन्नाशी उलटलेली बाई नऊ वर्षांच्या मुलीच्या शरीरात कोंडलेली, त्यात रोज शाळेत जायचं! चोरून सिगारेट ओढते बिचारी.

पहिल्या खंडात सहा अंक आहेत. सलग संपवू नकोस, रोज एकच वाच. संवाद नसलेल्या चौकटी भराभर उलटू नकोस, ऑर्म्स्टनने थकलेले चेहरे काय काढलेत ते बघ. रहस्य लवकर उलगडत नाही म्हणून वैतागशील, मीही वैतागलो होतो. याच कथेतून निघालेल्या जोडमालिका भरपूर आहेत, त्यांच्या नादी आत्ताच लागू नकोस. आणि विकीवर शेवट शोधलास तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नकोस.