मशीन बंद करू नकोस, भांडणही

प्रिय ताई, सलाम.

माझं वय 43. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. अडीच वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला चर्चच्या मंडळीने खूप प्रार्थना केल्या, घरसभा झाल्या. आता लोक कमी येतात. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. ते म्हणाले, तुमच्या घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, आणि विश्वास खरा असेल तर मशीनवर जायचं थांबवा. मिस्टरांनी दोन खेपा चुकवल्या. मग रात्री धाप लागली आणि दवाखान्यात पळवावं लागलं. मी दर शुक्रवारी उपास करते, पण प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत. भक्तीत सगळे गातात, मी नुसते ओठ हलवते. मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, मी चर्चला येणार नाही, देव असता तर त्याने पप्पांना असं केलं नसतं. तिला काय सांगू? देव आमच्याबरोबर आहे का? असेल तर मला जाणवत का नाही? कधी कधी वाटतं, एकदाचं संपून जावं.

तुमची एक वाचक

प्रिय भगिनी, सलाम.

मी तुझ्याहून वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते. राग मानू नकोस.

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते. ‘एकदाचं संपून जावं’ म्हणजे काय संपावं? ही रोजची धावपळ, मिस्टरांचे हाल, की तुझा स्वतःचा जीव? तू लिहिलं नाहीस, म्हणून स्पष्ट विचारते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल, तर आजच्या आज कुणाला तरी तोंडाने सांग. बहिणीला सांग, पाळकबाईंना सांग, डायलिसिसच्या सिस्टरला सांग. 14416 हा टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तिथे फोन केल्याने विश्वास कमी होत नाही.

एलीया संदेष्ट्याचं आठवतं ना? पहिल्या राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात बघ. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, आणि ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळून रतामाच्या झुडपाखाली बसला. देवाला म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. देवाने त्याला खडसावलं नाही की उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो परत झोपला, तेव्हाही कुणी विषय काढला नाही. दुसऱ्यांदा जेवायला घातलं, एवढंच. देवाचं बोलणं त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर झालं.

म्हणून तुझा शुक्रवारचा उपास आजपासून बंद. हो, मी सांगते म्हणून बंद. घरातलं सगळं करून, दवाखान्याच्या खेपा करून, वर तू उपाशी राहतेस, आणि प्रार्थनेत डोकं चालत नाही म्हणून स्वतःला बोल लावतेस! यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवच विचारतो की मला आवडणारा उपास कोणता, आणि उत्तर देतो: भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. तुझ्या घरात सध्या ती भुकेली बाई तूच आहेस.

आता त्या प्रचारकांचं. इथे मी थोडी तापणार आहे.

किडन्या बंद पडल्यावर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम बाहेर पडायला दुसरी वाट उरत नाही. खेप चुकली की पाणी फुप्फुसात साठतं, म्हणून धाप लागते. पोटॅशियम वाढलं तर हृदय कुठलीही सूचना न देता थांबू शकतं. मिस्टर त्या रात्री वाचले, ही कृपा. पण त्यांना त्या दारापर्यंत नेणाऱ्या सल्ल्याला ‘विश्वास’ म्हणायला मी तयार नाही. सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेऊन म्हणाला होता, खाली उडी टाक, देवदूत झेलतील. येशूने काय उत्तर दिलं, ते संडेस्कूलच्या पोरांनाही पाठ असतं. देवाची परीक्षा पाहायची नाही.

आणि लपलेलं पाप? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी अगदी हेच विचारलं होतं: पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. योहानाचा नववा अध्याय. इतकं साफ लिहिलेलं असताना आपल्याकडे प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसून कुणीतरी त्याच्या पापांचा हिशोब काढतोच.

विश्वास कमी पडतो म्हणून आजार जात नाही, असं म्हणणाऱ्यांना विचार की त्रफिमाचं काय? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल सहज लिहून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवलं. ज्या पौलाच्या हातून आजारी बरे झाले, त्यानेच आपला सोबती आजारीच मागे ठेवला. त्यावर ना स्पष्टीकरण, ना दोष. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटाही तीनदा विनवून निघाला नाही. आणि त्याचा लाडका सोबती लूक? वैद्य होता.

आपल्या जवळचं पाहायचं तर केडगावला बघ, दौंडजवळ. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या, तर बहिरेपणामुळे ते राहून गेलं. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून त्यांनी जेवू घातलं, शिकवलं, कामाला लावलं. त्यांच्या प्रार्थनेची ख्याती आजही सांगतात. आणि त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतःही गेल्या. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे का? मग तुझ्या घराबद्दल म्हणायचा अधिकार त्या प्रचारकांना कुणी दिला?

पापाचं नि विश्वासाचं ओझं उतरव, म्हणजे तुझा खरा प्रश्न राहील. देव आहे तर जाणवत का नाही?

गोड बोलून तुझी समजूत घालायची नाही. मिस्टरांनाच का, हे मला माहीत नाही. काही दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबालाही अखेरपर्यंत कळलं नाही. बेचाळीस अध्याय संपले तरी पहिल्या अध्यायात स्वर्गात काय घडलं होतं, ते देवाने त्याला सांगितलं नाही. पण त्या पुस्तकात एक गोष्ट आहे, ती आपल्या व्यासपीठांवरून फार कमी ऐकू येते. ईयोबाचे तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत ते उत्तम होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. ते देवाविषयी बोलत राहिले, शुद्ध, पाठ केलेलं, एकही वाक्य नास्तिकाचं नाही. ईयोब मात्र देवाशीच भांडत होता. जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला. शेवटी देव कुणावर रागावला? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य ते बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, म्हणाला.

तेव्हा शब्द येत नाहीत म्हणतेस, ते कुठले शब्द? ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो’ हे येत नसतील. नको येऊ देत. ‘अडीच वर्षं झाली, तू कुठे आहेस?’ हे येतात की नाही? माझ्याकडे पत्रात आलेच आहेत. तेच तिकडे सांग. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळून स्तुती करू लागतात. हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी वगळलं नाही. मला तर वाटतं, तुझ्यासारख्या बाईसाठीच ते ठेवलं असावं. आणि वधस्तंभावर प्रभू स्वतः जे ओरडला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, तेही स्तोत्रच होतं, बाविसावं. देव जाणवत नाही हे दुःख त्याला ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. ख्रिस्ती माणसाकडे दुःखाचं कारण सांगणारं उत्तर नाही, निदान मला तरी सापडलेलं नाही. आपल्याकडे आहे तो हा वधस्तंभावरचा माणूस, आणि पुनरुत्थानानंतरही खिळ्यांचे वण न गेलेले त्याचे हात.

जाणवण्याबद्दल एक सांगते. लूकच्या चोविसाव्या अध्यायात दोघं अम्माऊसच्या वाटेने चालले आहेत, तोंडं उतरलेली. ‘आम्हाला आशा होती’ म्हणतात, म्हणजे आता राहिली नाही. येशू स्वतः त्यांच्याबरोबर चालतो आहे, तास-दोन तास बोलतो आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही! भाकर मोडली तेव्हा ओळख पटली, आणि पटताक्षणी तो दिसेनासा झाला. मग मागे वळून म्हणाले, वाटेत आपलं अंतःकरण आतल्या आत उकळत नव्हतं का? वाटेवर असताना मात्र काही कळलं नव्हतं. त्या दोघांना न ओळखल्याबद्दल कुणी अविश्वासी म्हणून मंडळीबाहेर काढलं नाही. जाणवणं हा तुझ्या विश्वासाचा दाखला नव्हे, आणि न जाणवणं हा देव गेल्याचा पुरावा नव्हे. इतकंच मी ठामपणे म्हणू शकते. उद्या सकाळी तुला काही जाणवेल, असं वचन मी देणार नाही.

तोवर प्रार्थनेचं काय? दुसऱ्यांना करू दे. कफर्णहूमच्या त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उसकटून खाली सोडलं. मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस काय मानत होता, कुणी विचारलंही नाही. तू सध्या खाटेवर आहेस. भक्तीत ओठ हलवतेस ना? हलव. बाकीचे गाताहेत तुझ्यासाठी. आणि घरी एक शब्दही सुटला नाही तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी कण्हून विनंती करतो, ते धरून गप्प बसून राहा.

मुलीला ओढून चर्चला नेऊ नकोस. सतरा-अठरा वर्षांची पोर, बारावीचं वर्ष, घरात हे सगळं. तिच्यासमोर देवाची वकिली करू नकोस. ‘मलाही कळत नाही गं, मीही भांडतेय त्याच्याशी’ एवढं खरं सांग. मार्था आणि मरीया ह्या दोघी बहिणींनी येशूला तोंडावर एकच वाक्य ऐकवलं होतं: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तुझी मुलगी ह्याहून वेगळं काय म्हणतेय? त्याने एकीशी पुनरुत्थानावर बोलणं केलं, दुसरीला रडताना पाहिलं आणि स्वतःच रडला. तुझी पोर कुठल्या स्वभावाची आहे ते तुला माहीत. बोलून समजणारी असेल तर बोल, नाहीतर जवळ बसून रड. आणि त्या प्रचारकांचं म्हणणं चुकीचं होतं, हे तिला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू दे. पप्पांच्या आजाराला आपल्या घरातलं कुणाचं तरी पाप कारण आहे, हे तिनेही ऐकलं असणार. मला तिच्या रागाची भीती नाही, ह्या वाक्याची आहे.

मिस्टरांशीही बोल. खेप चुकवायचा निर्णय त्यांनी विश्वासाने घेतला, की तुमच्यावरचं ओझं कमी व्हावं म्हणून, हे एकदा विचारून बघ. आजारी माणसं पुष्कळदा हे बोलत नाहीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. अजून खिशातून भरत असाल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठ. किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत, म्हणजे पुण्याच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे), नाव नोंदवलंय का, हेही डॉक्टरांना विचार.

राहिली मंडळी. लोक येईनासे झाले, ते बहुधा दुष्टपणाने नाही. दीर्घ आजारात काय बोलायचं ते संपतं, मग लोक लाजून यायचे थांबतात. त्यांना बोलायला बोलावू नकोस, कामाला बोलाव. आठवड्यातल्या तीन खेपांपैकी एका खेपेला तरुण संघातला कुणी मिस्टरांबरोबर चार तास बसेल का? त्या दिवशी एखाद्या घरून डबा येईल का, कमी मिठाचा, डॉक्टरांनी दिलेल्या यादीप्रमाणे? पाळकांनी प्रभुभोजन घरी आणावं, तेही सांग. मिस्टरांना पाणी मोजून प्यावं लागतं, पण प्रभुभोजनातला द्राक्षरसाचा एवढासा घोट त्या मोजमापात बसतो.

मागायला संकोच वाटत असेल तर हे पत्र महिला मंडळाच्या सेक्रेटरीला दाखव आणि माझं नाव पुढे कर.

तुझी ताई