उत्तर आइसलँडला पहिल्यांदा निघालात? मीव्हात्नला दोन रात्री राहा

अकुरेरी शहराहून एका दिवसात सगळं उरकायचा बेत असेल, तर आधी तो बदला. वाटेतल्या गोदाफॉस धबधब्याला अर्धा तास पुरतो, मीव्हात्न तळ्याला मात्र दोन रात्री द्याच.

तळ्याजवळच्या ह्वेरिरला, उकळत्या चिखलकुंडांच्या माळावर, सकाळी लवकर जा, बसगाड्या यायच्या आत. तिथे राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो आणि गंधकाचा वास कपड्यांत बसतो. दोरीपलीकडे एक पाऊलही टाकू नका. फिकट माती वरून घट्ट दिसते, पण खचली तर पाय थेट उकळत्या चिखलात. मुलं असतील तर हात धरूनच चाला.

शेजारचा क्राफ्ला ज्वालामुखी १९७५ ते १९८४ या काळात नऊदा फुटला. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसाल्ट, पण इतका ताजा की हात लावून बघावासा वाटतो.

रेक्यालीदचं चर्च चुकवू नका. १७२९ मध्ये लाव्हा गावात शिरला, शेतघरं गिळली, पण चर्चला वळसा घालून पुढे गेला. आजची इमारत नवी आहे, तो थिजलेला लाव्हा मात्र आवाराला लागूनच दिसतो.

आणि हो, मीव्हात्न म्हणजे चिलटांचं तळं. जून-जुलैत तोंडावर घ्यायची जाळी सोबत ठेवा.